सव्वासहाची पंचवटी आणि नाशिकची प्राइड

मुंबईची प्राइड, म्हणजे समलैंगिक आणि पारलिंगी माणसांची स्वाभिमानाची मिरवणूक, शनिवारी दुपारी निघते. परतीची पंचवटी एक्स्प्रेस सीएसएमटीवरून संध्याकाळी सव्वासहाला सुटते. सकाळच्या पंचवटीने नाशिकरोडहून गेलेल्या माणसाला ती पकडायची, तर मिरवणूक ऐन रंगात असताना टॅक्सी शोधायला लागावे लागते. तरीही माणसे जातात. मुंबईच्या गर्दीत मामेभाऊ भेटत नाही, शाळेतले सर भेटत नाहीत, कॉलेज रोडवरचा ओळखीचा झेरॉक्सवाला भेटत नाही, म्हणून जातात.

नाशिकमध्ये दरवर्षी ठरल्या वेळी निघणारी, टिकणारी प्राइड उभी करायची तर मुख्य अडचण ही ओळखीची आहे. परवानगी, पैसा, ढोल हे सगळे तिच्यामागून येते. हे प्रकरण त्याच अंगाने मांडले आहे. हिशेबासाठी मिरवणूक २०० माणसांची धरली आहे. आकडा बदलला तर पुढचे हिशेब त्याच प्रमाणात बदलावेत.

इतर शहरांत काय घडले

सगळ्याचे मूळ न्यूयॉर्कमध्ये. २८ जून १९६९ च्या पहाटे स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली, लोक उलटले, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला मिरवणूक निघाली. म्हणून जगभर जून हा प्राइडचा महिना झाला. भारतातली पहिली फेरी २ जुलै १९९९ ची, कोलकात्यातली. माणसे होती १५, अंगात पिवळे टी-शर्ट, आणि नाव होते ‘फ्रेंडशिप वॉक’, म्हणजे मैत्रीची फेरी. नाशिकमध्ये कुणी ‘इतक्या थोड्या लोकांत काय मिरवणूक काढायची’ म्हणाले, तर हा १५ चा आकडा त्याला सांगावा.

मुंबईची मिरवणूक १६ ऑगस्ट २००८ ला निघाली, ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीकडे. जागा आणि तारीख दोन्ही विचारपूर्वक निवडलेल्या होत्या. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस, ‘चले जाव’चे मैदान, आणि मागणी अशी, की समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ इथे आणणाऱ्या ब्रिटिशांनी माफी मागावी. परक्यांचे खूळ म्हणून हिणवणाऱ्यांना उलटे उत्तर होते ते: खूळ परक्यांचेच, पण ते कायद्याच्या रूपाने आले.

सांगताना बहुतेक जण एक गोष्ट गाळतात. ‘बॉम्बे दोस्त’ हे समलैंगिकांचे नियतकालिक १९९० चे, त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ चा. म्हणजे नियतकालिक, पत्रव्यवहार, आरोग्यसेवा, शुक्रवारच्या गप्पा असे काम जवळजवळ १८ वर्षे चालल्यावर मुंबईने रस्ता धरला. ‘कशिश’ चित्रपट महोत्सव २०१० पासूनचा. नंतर मिरवणुकीची तारीख पावसातून उचलून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नेली, आणि तिच्याआधीच्या आठवड्यांत खेळ, नाटक, जत्रा असे छोटे कार्यक्रम गुंफले. मिरवणूक वाढली ती या छोट्या कार्यक्रमांच्या जोरावर. थेट रस्त्यावर यायला न धजणारा माणूस आधी अंधाऱ्या सभागृहात येऊन बसतो.

पुण्यात ११ डिसेंबर २०११ ला समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने पदयात्रा निघाली. मराठी शहरातली, मराठी घोषणांची मिरवणूक म्हणून नाशिकने बघावी ती हीच. तिच्यातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग मात्र भांडणाचा आहे. २०१७ मध्ये संयोजकांनी सहभागींना साधे, सभ्य कपडे घालून येण्याचे आवाहन केले. भडक वेशभूषेचीच छायाचित्रे छापून येतात आणि बाकीचे सगळे झाकले जाते, हा त्यामागचा विचार. उलट बाजूचे म्हणणे असे, की ज्या दिवशी हवे तसे दिसायचे त्याच दिवशी गणवेश का? काहींनी अंग काढून घेतले. आमच्या मते दोन्ही बाजू एकाच भीतीशी झगडत होत्या, आणि ती भीती कॅमेऱ्याची होती. उपाय शोधायचा तर कॅमेऱ्यावर शोधावा. साडीवर आणि विगवर शोधला की फूट पडते, आणि लहान शहरात पडलेली फूट पुढची दहा वर्षे भरत नाही, कारण तीच पंधरा माणसे दोन्हीकडे असतात.

दुसरा धडा १ फेब्रुवारी २०२० चा. नागरिकत्व कायद्यावरून देशभर आंदोलने पेटलेली असताना पोलिसांनी मुंबईच्या ठरलेल्या मार्गाची परवानगी काढून घेतली. मिरवणुकीऐवजी आझाद मैदानात जमायला सांगितले. तिथे काहींनी दिलेल्या घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, संयोजकांना त्या घोषणांपासून हात झटकावे लागले, आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा प्राइड सोडून बाकी सगळ्याची झाली. घोषणा बरोबर की चूक हा वेगळा वाद. कामापुरता निष्कर्ष एवढाच, की मिरवणूक चालती असते तेव्हा घोषणा पुढच्या ओळीच्या हातात असतात. तीच माणसे एका जागी उभी केली आणि माइक मोकळा सोडला, की त्या हातातून सुटतात. परवानगी आयत्या वेळी बदलली तर बदललेल्या कार्यक्रमाचाही कागद तयार हवा: कोण बोलणार, किती मिनिटे, कोणत्या घोषणा, माइक कुणाच्या हातात.

महिना कोणता

जून नको. पावसाचा प्रश्न आहेच, शिवाय त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरकडे निघते, तेव्हा बंदोबस्त तिकडे असतो. ऑगस्ट-सप्टेंबर गणपतीचा, पुढे नवरात्र, दिवाळी. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, मार्चमध्ये परीक्षा आणि रहाडींची, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांची, रंगपंचमी, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, त्यानंतर ऊन. मुंबईची तारीख जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, आणि तिच्याशी टक्कर घेण्यात अर्थ नाही, कारण तिथली शंभर माणसे इथे आली तर पहिल्या वर्षी तीच मोठी आडोशाची भिंत.

उरतो डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा संक्रांतीआधीचा जानेवारी. नाशिकची थंडी बघता सकाळची वेळ टाळावी, दुपारी ३ ला जमून साडेपाचच्या आत आटोपावे. वार रविवार. तृतीयपंथी समाजातल्या ज्यांचे पोट रोजच्या मंगतीवर आहे, त्यांचा दिवस बुडतो हे लक्षात ठेवून गुरूंशी महिनाभर आधी बोलावे. आदल्या रात्री फोन करून ‘शोभा वाढवायला’ बोलावले, की ती मंडळी येत नाहीत, आणि बरोबरच करतात.

२०२६-२७ च्या सिंहस्थाचाही हिशेब धरावा लागेल. त्या काळात पोलीस, रस्ते, लॉज, मंडपवाले सगळे कुंभात गुंतलेले. नाशिकचा मागचा सिंहस्थ २०१५ चा, आणि तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा स्थापन झाला तो त्याच वर्षाच्या अखेरीकडे, उज्जैनमध्ये. त्यामुळे या वेळी तृतीयपंथीयांचा विषय शहरात वेगळ्याच वाटेने, भगव्या वस्त्रांत चर्चेला येईल. प्राइडने त्या गर्दीत घुसू नये, पण त्या चर्चेकडे पाठही फिरवू नये.

रस्ता कोणता

पहिला मोह जुन्या नाशकाचा होतो. वाकडी बारव, मेन रोड, रविवार कारंजा, पुढे पंचवटी: शहराची मिरवणूक म्हणजे हाच मार्ग. फोटो सुंदर येतील. तरीही पहिली काही वर्षे नको. रस्ते अरुंद, बाजूच्या गल्ल्यांतून कोण कधी शिरेल सांगता येत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी काका. या भागात रस्त्यावर कोण चालणार हा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्या रामनवमीला रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली. तो इतिहास भाषणात जरूर आणावा. मार्ग ठरवताना मात्र आजच्या गल्लीची रुंदी मोजावी.

दुसरा पर्याय हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपले गोल्फ क्लब, तिथून त्र्यंबक नाक्यावरून सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. मुंबईने ऑगस्ट क्रांती मैदान निवडले त्याच चालीचे नाव आहे हे, म्हणून आकर्षक. पण वाटेवर जिल्हा शासकीय रुग्णालय, पुढे न्यायालय. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. पाच ढोल एकत्र वाजले की ती कुठल्या कुठे जाते. क्षेत्र जाहीर झालेले असो वा नसो, रुग्णालयासमोर ढोल बंद करायला लागणारच, आणि लागलेच पाहिजेत. ढोल थांबला की मिरवणूक विस्कटते, माणसे पुढे-मागे होतात, मधे रिक्षा शिरते.

म्हणून तिसरा, कंटाळवाणा मार्गच बरा: शालिमारजवळचे बी. डी. भालेकर मैदान, महात्मा गांधी रोड, मेहेर सिग्नल, जिल्हाधिकारी कार्यालय. सगळ्या पक्षांचे, संघटनांचे मोर्चे इथूनच जातात. वाहतूक शाखेला वळवण्या पाठ आहेत, दुकानदारांना सवय आहे, आणि अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नकाशा काढावा लागत नाही. शेवटी न्यायालयाचा परिसर येतोच, पण फक्त शेवटच्या टप्प्यात. मेहेर सिग्नलला ढोल थांबवून पुढे घोषणा आणि टाळ्यांवर जाता येते. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनालाही खरे काम आहे: २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्यानुसार ओळख प्रमाणपत्र देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे त्याच इमारतीतला. किती अर्ज पडून आहेत हे विचारण्याची जागा तीच. रविवारी कार्यालय बंद असते, त्यामुळे निवेदन कोण स्वीकारणार हे आठवडाभर आधी लेखी ठरवून घ्यावे, नाहीतर दारावर कागद चिकटवून परतावे लागते.

कागदपत्रे

शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९(१)(ख) मध्ये आहे. त्याचे नियमन पोलीस करू शकतात, सरसकट बंदी नाही. हिम्मतलाल शहा खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील सभांबद्दल हेच सांगितले. नाशिकला पोलीस आयुक्तालय असल्याने अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रती संबंधित पोलीस ठाणे, विशेष शाखा आणि वाहतूक शाखा यांना. मैदानाचा अर्ज महापालिकेकडे वेगळा. किमान ३० दिवस आधी द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात तारीख, जमण्याची, निघण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग चौकाचौकासह, अंदाजे संख्या, वाहने, ध्वनिक्षेपक, स्वयंसेवकांची यादी आणि तीन जबाबदार व्यक्तींची ओळखपत्रे.

इथेच पहिले पाऊल अडते. ही तीन नावे कुणाची? ज्याच्या घरी माहीत नाही त्याचे नाव देऊ नये, कारण चौकशीला हवालदार घरी येऊ शकतो आणि दार आई उघडते. एक वकील, एक घरी सांगून मोकळी झालेली व्यक्ती, आणि एक पालक किंवा पाठीराखा अशी त्रयी जमवावी. ती जमत नसेल तर मिरवणूक त्या वर्षी करूच नये. सभागृहातला कार्यक्रम करावा.

‘हे कायदेशीर आहे का’ असे ठाण्यात विचारले जाईल. वाद घालू नये, सज्ञानांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असे सांगणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेजसिंग जोहर निकालाचे पहिले पान जोडावे, आणि त्यातल्या न्या. नरिमन यांच्या निकालपत्रातला तो भागही, ज्यात या निकालाला प्रसिद्धी द्यावी आणि पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना संवेदनशीलतेचे प्रशिक्षण द्यावे असे म्हटले आहे. नकाराचा खरा धोका वेगळाच असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली जमाव-मिरवणुकांवर १५ दिवसांपर्यंतचे मनाई आदेश निघतात, आणि तुमची तारीख त्यात सापडते. आदेशातच परवानगीने होणाऱ्या कार्यक्रमांना सूट दिलेली असेल, तर ती ओळ अधोरेखित करून दाखवावी. लेखी परवानगी बहुधा आदल्या दिवशीच हातात पडते, म्हणून बाहेरगावच्यांना ‘नक्की’ कळवण्याची वेळही आदल्या संध्याकाळची ठेवावी.

पैसा गोळा करताना गणपती मंडळांना लागणारा नियम आठवावा. नोंदणी नसलेल्या गटाने वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. विरोधकांना मिरवणुकीत काही सापडले नाही, की ते पावतीपुस्तकात शोधतात.

सभागृहाच्या अर्जातही विषय स्पष्ट लिहावा. ‘युवा सांस्कृतिक मेळावा’ असे गुळगुळीत नाव देऊन घेतलेले बुकिंग, फलक लागला की रद्द होते, आणि तेव्हा दुसरे सभागृह मिळवायला दोन दिवसही नसतात.

माणसे, दोरी, झेंडा

२०० माणसे चार-चारच्या रांगेत, ओळींत दीड मीटर अंतर: ५० ओळी, ७५ मीटर लांबी. ढोलासोबत चाल ताशी २ किलोमीटरच्या आसपास पडते, त्यात चौकांतले थांबे धरून सव्वा तास. दर १५ माणसांमागे एक स्वयंसेवक, म्हणजे १४: दोन पुढे, दोन मागे, दहा दोन्ही कडांना दोरी धरून. दोरीची पद्धत गणपती मंडळांचीच, तीच वापरावी. दोरीच्या आतला तो सहभागी, बाहेरचा बघ्या, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ न देणे हेच कडेच्या माणसांचे काम. शिवी आली तर उत्तर द्यायचे नाही, दोरीही सोडायची नाही. उत्तर द्यायला खुमखुमी असलेले कार्यकर्ते कडेला लावूच नयेत, त्यांना ढोल द्यावा.

ढोल मागवताना पथकाला विषय आधी सांगावा. नाशिक ढोलाची पथके गावभर वाजवतात, आणि त्यातल्या एखाद्या पोराला आपण कुठे वाजवतोय हे मैदानात कळले, की अर्धे पथक परत जाते. पाच ढोल, तीन ताशे पुष्कळ झाले.

आता झेंडा. गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या पहिल्या झेंड्यात आठ पट्टे होते. पुढे कापड मिळण्याच्या आणि टांगण्याच्या सोयीने सहा झाले: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. आपल्याकडे ‘सप्तरंगी’ म्हणतात म्हणून शिंपी हमखास सातवा पट्टा घालतो, त्याला रंगांचे तुकडे क्रमाने टाचून द्यावेत. ४४ इंच पन्ह्याचे कापड प्रत्येक रंगाचे सव्वानऊ मीटर घेतले आणि लांबीत मधोमध फाडले, की २२ इंची दोन पट्टे मिळतात. म्हणजे तेवढ्याच कापडात शिलाई वजा जाता साधारण साडेदहा फूट रुंद, ३० फूट लांब असे दोन झेंडे होतात. सॅटिन चमकते, पण जड आणि वाऱ्यात फुगते. टॅफेटा हलके. कडेला दुहेरी पट्टी शिवून दर तीन फुटांवर हातात धरायला नाडीचा फास, म्हणजे एका बाजूला ११, दोन्ही बाजूंना मिळून २२ माणसे.

दुसरा झेंडा हौसेखातर नाही. डोक्यावर धरलेल्या झेंड्याखालून चालणारा माणूस वरच्या गॅलरीतून दिसत नाही. पहिल्याच वर्षी आलेल्यांची जागा तिथे, दोन्ही कडांना धरणारे मात्र ओळख उघड असलेले.

कॅमेरा

मुखवटे अनेक शहरांतल्या सुरुवातीच्या मिरवणुकांत वापरले गेले. ते ठेवावेत, पण तेवढ्यावर भागत नाही. चाल, शर्ट, हातातले घड्याळ यावरून आई ओळखते. नोंदणीच्या टेबलावर मनगटाला फीत बांधावी: हिरवी म्हणजे फोटो चालेल, लाल म्हणजे नको. लाल फीतवाल्यांनी रांगेच्या मधल्या भागात चालावे, पुढच्या २० मीटरमध्ये फक्त हिरवे. पत्रकारांना निघण्यापूर्वी १५ मिनिटे पुढच्या तुकडीसमोर बोलवावे आणि हवे तेवढे फोटो घेऊ द्यावेत. फोटो मिळाला की बहुतेक जण आत शिरत नाहीत. खरी डोकेदुखी पत्रकारांची नसते, आपल्यातल्याच उत्साही मंडळींची असते. ते रील काढतात, आणि मागच्या रांगेतला चेहरा रात्री नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. नोंदणीच्या वेळी याबद्दल एक वाक्य लिहून सही घ्यावी, आणि दोन स्वयंसेवक फक्त यासाठी ठेवावेत.

नोंदणीवही हाही धोकाच. खरे नाव, पत्ता मागू नये. फितींचे रंग मोजले तरी संख्या कळते.

पांगणे

मिरवणूक संपल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत बेभरवशाचा, कारण बंदोबस्त सुटतो, दोरी गुंडाळली जाते, आणि गालावर रंग असलेली माणसे एकेकटी रस्त्यावर येतात. म्हणून संपण्याच्या जागेपासून चालत पाच मिनिटांत दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या असाव्यात, कपडे बदलायला आणि तोंड धुवायला. चमकी पाण्याने जात नाही. पाव लिटर खोबरेल, कापसाची मोठी गुंडाळी, आरसे, साबण, सेफ्टी पिना आणि २०० माणसांचे पाणी तिथे ठेवावे. सामान ठेवायला क्रमांकाच्या चिठ्ठ्या. स्वच्छतागृह त्याच खोल्यांतले वापरावे, सार्वजनिक मुतारीकडे पारलिंगी व्यक्तींना धाडू नये.

दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवल्याची पोरे ठक्कर बाजार बसस्थानकाकडे निघतील, मुंबईची महामार्ग स्थानकाकडे. तिघा-चौघांच्या टोळ्या करून, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावे. प्रत्येक टोळीतल्या एकाकडे वकिलाचा क्रमांक कागदावर लिहिलेला असावा, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली असते. शेवटची टोळी गेल्याचा फोन आला, की मगच खोल्यांच्या किल्ल्या परत कराव्यात.